गठ्ठा सुटल्यापासून साठ दिवस: नवी पुस्तकं वाचकाच्या हाती पोचवण्याची रीत

वाचनालयाच्या सरकारी अनुदानाचा हप्ता हातात पडतो तेव्हा बऱ्याचदा मार्च उजाडलेला असतो. खरेदी घाईत उरकते, बिलं फायलीला लागतात आणि दोनशे-अडीचशे पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट कोपऱ्यात बसतात. शिक्के-नोंदी होऊन ती कपाटात जाईस्तोवर मे लागतो. त्या उन्हात दुपारी वाचनालयाकडं कोणी फिरकत नाही, जूनमध्ये पेरणीची धांदल, मग सोयाबीनची काढणी. दिवाळी येते तेव्हा ‘नवीन’ म्हणून घेतलेलं पुस्तक एकदाही बाहेर न जाता जुनं झालेलं असतं. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांत ‘लोक वाचतच नाहीत’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचं अर्धं मूळ या सहा महिन्यांत आहे.

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच नियमांपैकी तिसरा नियम प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं सांगतो. अनेक ठिकाणी तो चौकटीत भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्या बरोबर खाली काचेचं कुलूपबंद कपाट असतं. प्रसिद्धीचं काम म्हणजे फलक आणि फ्लेक्स नव्हे. दर पुस्तकाला एक पहिला वाचक, नावानिशी, शोधून द्यायचा. पहिला वाचक पुस्तक परत आणून टेबलावर ठेवतो तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस ते उचलून बघतोच. पुढचा प्रवास पुस्तक बरंचसं आपलं आपण करतं.

गठ्ठा फोडताना

लेखापरीक्षणासाठी दाखल नोंदवहीत सगळ्या पुस्तकांची नोंद आधी करावी लागते, ती करून टाकावी. पण शिक्के, चिठ्ठ्या, कव्हर आणि बाहेर मांडणं हे २४-२४ च्या तुकडीनं करावं, आठवड्याला एक तुकडी. देवघेव सांभाळून एका माणसाच्या हातून तेवढंच नीट होतं. दोनशे पुस्तकं एकदम मांडली तर वाचक वरवर नजर फिरवून निघून जातो; दर आठवड्याला थोडी आली तर ‘या वेळी काय आलं?’ असं विचारत येतो. दोनशेंचा गठ्ठा असा आठ-नऊ आठवडे पुरतो.

तुकडी मिश्र असावी. साधारण ८ कथा-कादंबऱ्या, ५ चरित्रं-आत्मचरित्रं, ४ मुलांची, ३ शेती-आरोग्य-कायदा, २ स्पर्धा परीक्षेची, २ कवितेची किंवा ललित. विक्रेत्याच्या यादीच्या क्रमानं गेलात तर एका आठवड्यात नुसती चरित्रंच येतील आणि बाकीचे वाचक पुन्हा डोकावणार नाहीत.

शिक्का मारण्याआधी पानं तपासा. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या जुडग्यांनी, बांधलेलं असतं. फर्मा उलटा लागलेला, दोनदा लागलेला किंवा गायब असू शकतो, म्हणून दर सोळा पानांनी पृष्ठांक जुळतो का ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. शिक्का पडलेली प्रत विक्रेता परत घेत नाही, आणि शेवटची पानं नसलेली रहस्यकथा पहिल्याच वाचकाला दिलीत तर पुढची शिफारस तो मनावर घेणार नाही.

शिक्के शीर्षकपानाच्या मागं, ठरलेल्या गुप्त पानावर (वाचनालयानं स्वतःपुरतं ठरवलेलं आतलं एक पान) आणि शेवटच्या पानावर मारावेत, मुखपृष्ठाच्या चित्रावर कधीच नको. तारीख चिठ्ठी, म्हणजे देवघेवीच्या तारखा लिहायचा कागद, फक्त वरच्या कडेनं चिकटवावी, म्हणजे भरली की सहज बदलता येते. पिठाची खळ स्वस्त पडते, पण तिच्यावर कसर आणि झुरळं येतात. पांढरा डिंक वापरा.

आता कव्हर. नव्या पुस्तकाला खाकी कागद चढवण्याची सवय शाळेपासूनची आहे आणि नव्या पुस्तकाचं सर्वात जास्त नुकसान तीच करते. चित्रकार आणि प्रकाशक यांनी मुखपृष्ठावर केलेली मेहनत आपण झाकून टाकतो आणि कपाटात दोनशे सारखी मातकट पुस्तकं उभी राहतात. पारदर्शक प्लॅस्टिकच घालावं. चिकटपट्टी प्लॅस्टिकवरच बसू द्या, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो, पिवळा पडतो आणि शेजारची दोन पुस्तकं एकमेकांना चिकटतात. पुठ्ठा बांधणीवरचं सुटं वेष्टण काढून फेकू नये, प्लॅस्टिकच्या आत ठेवावं.

सहा मिनिटांची वही

तुकडीतलं प्रत्येक पुस्तक ग्रंथपालानं सहा मिनिटं हातात घ्यायचं. मलपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावनेची दोन पानं आणि मधलं कुठलंही एक पान. २४ पुस्तकांना अडीच तास लागतात. सकाळच्या शांत वेळेत दोन बैठकींत उरकतं. अख्खं वाचायला वेळ मिळत नाही म्हणून काहीच न बघणं ही चूक फार होते.

दोनशेपानी वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पुस्तक एका ओळीत, बोलीभाषेत. दुसऱ्यात हे कोणासाठी, आणि तिथं ‘महिला’, ‘युवक’ असे गोळाबेरीज शब्द न लिहिता दोन-तीन सभासदांची नावं. तिसऱ्यात आपल्याकडचं कोणतं जुनं पुस्तक आवडलेल्याला हे आवडेल.

पहिल्या रकान्यात ‘ग्रामीण जीवनाचे प्रभावी चित्रण’ असं लिहिलं की वही वाया गेली, कारण ते निम्म्या पुस्तकांना लागू पडतं. ‘विहीर खणताना पाणी लागत नाही, कर्ज वाढत जातं, शेवटी बायको घर हातात घेते’ असं लिहिलं की तीच ओळ फळ्यावर, फोनवर आणि काउंटरवर कामाला येते.

केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून येणाऱ्या पुस्तकांसाठी तर ही वही हवीच. ती आपण निवडलेली नसतात, त्यामुळं कोणासाठी आहेत याचा विचार आधी कोणी केलेला नसतो. असे गठ्ठे कपाटात सर्वाधिक काळ अबोल पडतात.

पहिला वाचक

दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला फोन करायचा किंवा तो आला की सांगायचं. वाक्य लहान ठेवा. ‘गुरुजी, तुम्ही मागं ते निजामाच्या काळावरचं नेलं होतं ना, त्याच काळातलं एका शिक्षकाचं आत्मचरित्र आलंय. शुक्रवारपर्यंत ठेवू का बाजूला?’ किंवा, ‘मावशी, तुमच्या नातीला गणिताच्या कोड्यांचं पुस्तक आलंय, शनिवारी शाळा सुटल्यावर पाठवून द्या.’ आधी काय वाचलं याची आठवण, नवं काय आलं ते आणि कधीपर्यंत राखून ठेवू, एवढंच पुरतं. ‘नवीन पुस्तके आली आहेत, अवश्य भेट द्या’ या निरोपावर कोणी येत नाही, कारण तो कोणालाच उद्देशून नसतो.

राखीव पुस्तक तीन दिवसच ठेवायचं. चिठ्ठीवर नाव आणि शेवटची तारीख लिहून पुस्तकात खोचा. चौथ्या दिवशी ते मांडणीवर गेलं पाहिजे, मग राखून ठेवायला सांगणारा कोणी का असेना.

पहिला वाचक बोलका असावा. किराणा दुकानदार, औषध दुकानातला मुलगा, आशाताई, केशकर्तनालय चालवणारा, सप्ताहात कीर्तनाला साथ करणारे बुवा: यांच्याकडं दिवसभर माणसं येतात आणि हातातलं पुस्तक दिसतं. एकलकोंडा पट्टीचा वाचक दोन दिवसांत पुस्तक संपवतो आणि गुपचूप परत करतो. त्याचा नंबर दुसरा.

एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. कार्यकारिणीतले मान्यवर नोंद व्हायच्या आधीच गठ्ठ्यातली चांगली पुस्तकं घरी नेतात आणि ती तीन-तीन महिने येत नाहीत. उपाय भांडणाचा नाही, ठरावाचा आहे. ‘नोंद व चिठ्ठीशिवाय कोणतेही पुस्तक बाहेर जाणार नाही, नव्या पुस्तकाची मुदत सर्वांना ७ दिवस’ असा ठराव बैठकीत करून काउंटरवर लावला की ग्रंथपालाला कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

मांडणी

कुलूप लावलेल्या काचेत पुस्तक दिसतं, पण चाळता येत नाही, आणि चाळल्याशिवाय मराठी वाचक पुस्तक नेत नाही. नव्यांची जागा देवघेव टेबलापासून चार-पाच पावलांवर असावी: चोरीवर नजर राहते आणि परत करायला आलेल्याची वाटही तिथूनच जाते.

गावच्या सुताराकडून उतरती मांडणी करून घ्या. ४ फूट रुंद, ३ फूट उंच प्लायवूड, मागं थोडं कललेलं, त्यावर तीन ओळींत दीड इंच खोल पट्ट्या आणि पट्टीला समोर अर्ध्या इंचाची कड. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंची असतात. दोन पट्ट्यांत ११ इंच अंतर ठेवलं की एका ओळीत मुखपृष्ठ समोर करून ६, एकूण १८ पुस्तकं बसतात. तुकडीतली उरलेली सहा पहिल्या वाचकांकडं गेलेली असतात, म्हणून १८ पुरतात. खालची पट्टी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा; मुलांची पुस्तकं तिथं.

पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडणी नको. आपल्या उन्हात महिन्या-दीड महिन्यात लाल रंगाचं गुलाबी होतं.

पुस्तक गेलं की जागा रिकामी दिसू देऊ नका, पण लगेच दुसरं पुस्तकही ठेवू नका. तिथं पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी उभी करा: पुस्तकाचं नाव, वहीतली ती एक ओळ आणि खाली ‘वाचायला गेलंय. पुढचा नंबर लावा’ अशी मोकळी जागा. दोन नावं पडली की तिसरं आपोआप पडतं.

शेजारी ‘आजच परत आलेली’ अशी पाटी लावून एक साधा टेबल ठेवा. परतीचा ढीग लगेच कपाटात लावण्याची घाई चांगल्या ग्रंथपालांनाही असते. लोकांचा विश्वास ग्रंथपालाच्या निवडीपेक्षा दुसऱ्यानं वाचलेल्या पुस्तकावर जास्त असतो, म्हणून ढीग संध्याकाळपर्यंत तसाच राहू द्या. नवी मांडणी बनवायला पैसे नसतील तर निदान हा टेबल तरी करा. त्याला काही खर्च नाही.

नव्या पुस्तकाच्या कण्यावर तळाशी खूण म्हणून लाल ठिपका लावावा आणि त्यावर महिना लिहावा. साठ दिवसांनी ठिपका निघाला पाहिजे. वर्षभर ‘नवीन’ म्हणून मिरवणारी पुस्तकं असली की मांडणीवरचा विश्वास उडतो.

फळा

वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर सुविचार आणि श्रद्धांजली यांच्यामध्ये नव्या पुस्तकांना जागा मिळत नाही. वेगळा फळा करा आणि त्यावर आठवड्याला तीनच पुस्तकं लिहा. अक्षर दोन इंचांचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला गाडी न थांबवता वाचता येतं. नाव आणि लेखक खाली, लहान. वर प्रश्न किंवा ती एक ओळ:

‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी? फेरोमोन सापळे कधी आणि किती लावायचे, चित्रांसह. शेतीच्या कपाटात.’

‘सात-बारावर चुकीचं नाव लागलंय? अर्ज कोणाकडं करायचा ते सोप्या मराठीत. कायद्याच्या कपाटात.’

फळा आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बदलावा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची माणसं येतात, आणि परतीच्या एसटीला वेळ असतो. दिवाळीत फटाक्यांवर लिहिलेला फळा होळीला तसाच असेल तर तो पुसून कोरा ठेवलेला बरा.

सगळीकडं नुसता मराठी फळा पुरत नाही. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड इथं उर्दू वाचक भरपूर आहेत. देगलूर, धर्माबादकडं तेलुगू आणि उदगीर, उमरग्याकडं कन्नड घरात बोलली जाते. त्या भाषेतली पुस्तकं आली तर ओळ त्याच भाषेच्या वाचकाकडून लिहून घ्या. मोबाइलवरचं भाषांतर उतरवून काढलेली पाटी वाचून लोक हसतात.

मोबाइलवर

व्हॉट्सॲपचा ग्रुप करायचा तर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय चालू करा, नाहीतर आठ दिवसांत शुभ सकाळच्या फुलांखाली पुस्तकं गाडली जातात. ब्रॉडकास्ट यादी जास्त बरी: निरोप प्रत्येकाला वैयक्तिक जातो आणि उत्तर फक्त आपल्याला येतं. एका यादीत २५६ जण बसतात. मात्र ज्यानं वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. ‘पाठवलं तरी कोणी उत्तर देत नाही’ यामागं बहुतेकदा हेच असतं. सभासदत्वाचा अर्ज भरून घेताना समोरच त्याच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर जतन करून घ्या.

एका निरोपात तीन पुस्तकं, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सात ते साडेआठ. प्रत्येकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचं पान, एक ओळ. शेवटी ‘हवं असल्यास १, २ किंवा ३ एवढंच पाठवा’. लांब उत्तर टाइप करायचा कंटाळा हे मोठं कारण असतं. ज्यांना वाचायला चष्मा शोधावा लागतो त्यांना चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ पाठवू नये. प्रताधिकार कायदा १९५७ तसं करू देत नाही, आणि फुकट फाइल मिळाल्यावर वाचनालयात यायचं कारणही संपतं.

पंचांग आणि पेरणी बघून

जूनच्या मृगापासून जुलैच्या मध्यापर्यंत खेड्यात कार्यक्रम ठेवू नका. या काळात पीक संरक्षणाची आणि खतांची पातळ पुस्तकं मात्र हमखास जातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची प्रकाशनं पेरणीच्या आधी मागवून मेच्या शेवटी मांडली तर उपयोग. ऑगस्टमध्ये मांडलेलं पेरणीचं पुस्तक पुढच्या वर्षीपर्यंत झोपतं. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला हैदराबाद संस्थान, रझाकार, सत्याग्रही यांवरचं जुनं-नवं एकत्र मांडावं. मुलांना शाळेत भाषण असतं, त्यामुळं १० तारखेलाच बाहेर हवं, १६ ला नव्हे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन काढणीत सापडतो. तो शाळेपुरता ठेवा. लातूर, धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, त्या दिवशी दार उघडलं तरी वाचक येणार नाही.

बीड आणि शेजारच्या भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात, ती उन्हाळ्यात परततात. मागं राहिलेली मुलं आजी-आजोबांकडं किंवा वसतिगृहात असतात. मुलांच्या पुस्तकांची तुकडी याच काळात बाहेर काढावी आणि थेट वसतिगृहात न्यावी.

दिवाळी अंकांची गोष्ट निराळी. ते दोन महिन्यांतच शिळे होतात, म्हणून साठ दिवसांचा हिशोब इथं पंधरा दिवसांचा धरावा. वेगळी वर्गणी, एका वेळी दोन अंक, मुदत चार दिवस. सगळ्या अंकांच्या अनुक्रमणिकांच्या झेरॉक्स एका फायलीत लावून काउंटरवर ठेवल्या की वाचक लेखकाचं नाव शोधून अंक मागतो, नाहीतर चार प्रसिद्ध अंकांवरच उड्या पडतात.

पेटी आणि वीस मिनिटं

गावोगावच्या शाळा, बचत गट आणि पारावर जाणाऱ्या पेटीत २५ पुस्तकं पुरतात. जास्त झाली की उचलायला दोन माणसं लागतात आणि पेटी जागची हलत नाही. त्यांतली नवी आठच, बाकीची आधी चाललेली. यादी दोन प्रतींत, एक झाकणाला आतून चिकटवलेली, दुसरी आपल्याकडं. जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. ‘बचत गटाकडं’ असं लिहिलेली पेटी कोणाकडंच नसते. पंधरा दिवसांनी पुढच्या गावाला.

पुस्तक ओळखीचा कार्यक्रम वीस मिनिटांचा करा: तीन पुस्तकं, प्रत्येकी पाच मिनिटं, उरलेली पाच चाळायला. पाचांपैकी दोन मिनिटं उतारा मोठ्यानं वाचायचा आणि पेच पडतो तिथंच थांबायचं. शेवट सांगितला तर पुस्तक नेण्याचं कारण उरत नाही. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, शाल आणि नारळ आले की पाऊण तास सत्कारात जातो आणि पुस्तकं हार घातलेल्या टेबलावर तशीच राहतात. कार्यक्रमाच्या ठिकाणीच देवघेव नोंदवही हवी. ‘उद्या येऊन न्या’ म्हटलं की दहातले दोन येतात.

अभ्यासिकेतली पोरं रोज आठ-दहा तास वाचनालयातच असतात आणि देवघेवीत त्यांचं नाव नसतं. पोलीस भरती, एमपीएससीच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या त्यांच्यासाठी आल्या की आवृत्तीचं वर्ष ठळक लिहा आणि रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची जुनी मार्गदर्शकं त्याच दिवशी काढा, म्हणजे गफलत होणार नाही. शिवाय पाण्याच्या जारजवळ शंभरेक पानांची कथांची, प्रवासाची दहा पुस्तकं, नोंद न करता तिथंच चाळायला. डोकं शिणल्यावर हात तिकडं जातो.

साठाव्या दिवशी

तुकडीच्या यादीसमोर तारीख चिठ्ठ्या बघून आकडा लिहा: किती वेळा गेलं. चार किंवा जास्त वेळा गेलेल्या पुस्तकाला रांग असेल तरच दुसरी प्रत घ्या. त्याआधी मुदत सातवरून पाच दिवसांवर आणून बघा.

शून्य आलेली पुस्तकं वेगळी काढा. आधी जागा बघा. आरोग्याचं पुस्तक वर्गांकामुळं, म्हणजे विषयवार दिलेल्या क्रमांकामुळं, तंत्रविद्येच्या रांगेत एकटं पडलेलं असतं, ते मधुमेह-रक्तदाबाच्या जुन्या पुस्तकांशेजारी आणलं की हलतं. जागा ठीक असेल तर वहीतली ओळ पुन्हा लिहा, शक्यतो दुसऱ्याकडून. तेही झालं असेल तर माणूस चुकला. दुसऱ्या रकान्यात नवी दोन नावं घाला आणि आणखी तीस दिवस द्या. त्यानंतरही शून्य राहिलं तर खरेदी चुकली. त्या पुस्तकांची यादी पुढच्या मार्चमध्ये विक्रेत्याचा कॅटलॉग उघडताना शेजारी ठेवा.